उच्च दाबाची केबल आणि तिचे कवच

एखाद्या नगरपालिकेच्या उदंचन केंद्रासाठी नवी केबल घ्यावयाची असते. मोटारी ३,३०० किंवा ६,६०० व्होल्टच्या. रोहित्रापासून मोटारीपर्यंतचे अंतर फार तर शेदोनशे मीटर. निविदा उघडल्या जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि खरेदी समितीपुढे येतो. तक्त्यात दोन प्रकारच्या केबली असतात. एकीच्या प्रत्येक गाभ्यावर तांब्याच्या पातळ पट्टीचे वेष्टन आहे. दुसरीच्या गाभ्यावर ते नाही. पहिली महाग, दुसरी स्वस्त. आतील वाहक दोहोंत सारख्याच जाडीचा, वाहून नेता येणारा प्रवाहही जवळजवळ सारखाच. मग जास्तीचे पैसे कशासाठी, असे समितीतील एखादा सभासद विचारतो. "तांत्रिक कारणासाठी" एवढे बोलून अभियंता थांबतो आणि लेखापरीक्षणाच्या धास्तीने टिपणी लिहिणारा कारकून सर्वांत कमी दराची शिफारस करून मोकळा होतो.

यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण त्या एका सहीने पुढील तीस वर्षे त्या केंद्रात वावरणाऱ्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न निकालात निघालेला असतो, आणि तो कोणत्या बाजूने निघाला हे सही करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना उमगलेले असते. ही तांब्याची पट्टी, जिला इंग्रजीत 'शील्ड' किंवा 'स्क्रीन' म्हणतात आणि मराठीत विद्युत-कवच म्हणता येईल, नेमके काय करते हे समजून घेणे म्हणूनच केवळ अभियंत्यांचे काम राहत नाही.

याबाबतचा गैरसमज मोठा स्वाभाविक आहे. घरातील दिव्याच्या तारेवर प्लॅस्टिक असते, ते हातात धरले तरी धक्का बसत नाही. त्यावरून मनुष्य असे धरून चालतो की प्लॅस्टिक किंवा रबर ही वीज अडवणारी भिंत आहे. दाब वाढला की भिंत जाड करावी, म्हणजे झाले. विद्युतप्रवाहापुरते हे बरोबर आहे. पण विद्युतदाबाचे जे क्षेत्र वाहकाभोवती पसरलेले असते, त्याला ही भिंत अडवू शकत नाही. ते रोधकातून आरपार जाते, बाहेरच्या हवेत पसरते आणि जवळपास जी काही जमिनीशी जोडलेली वस्तू असेल तिच्यावर जाऊन टेकते. ती वस्तू लोखंडी कंस असेल, ओली भिंत असेल किंवा माणसाचा हात असेल. क्षेत्राला त्याचे सोयरसुतक नसते.

ही गोष्ट मायकेल फॅरडे याने १८५४ मध्येच दाखवून दिली होती. गटापर्चाचे आवरण असलेली, कित्येक मैल लांबीची तार पाण्यात बुडवून ती बॅटरीला जोडली, की ती एखाद्या प्रचंड लेडन बरणीसारखी भारून जाई. बॅटरी सोडवल्यानंतरही तिला हात लावणाऱ्याला धक्का बसे. तशीच तार हवेत पसरून ठेवली तर असे काही घडत नसे. आवरण दोन्ही वेळा तेच होते. फरक इतकाच की पाण्यातल्या तारेला पाण्याच्या रूपाने एक बाहेरचा वाहक मिळाला होता. आवरणाच्या बाहेर काय आहे, यावर तारेचे वागणे अवलंबून असते हा त्या प्रयोगाचा अर्थ. आणि उच्च दाबाच्या केबलीला कवच का लागते, याचे निम्मे उत्तर त्यातच आले.

उरलेले निम्मे उत्तर हवेच्या पोकळीत दडलेले आहे. कवच नसलेली केबल लोखंडी मांडणीवर ठेवली म्हणजे ती काही ठिकाणी धातूला टेकते, काही ठिकाणी तिच्याखाली केसाएवढी फट राहते. त्या फटीतील हवेवर पडणारा विद्युतताण शेजारच्या रोधकातील ताणापेक्षा अधिक असतो. हल्लीच्या एक्सएलपीई या प्लॅस्टिकच्या बाबतीत तो सव्वादोन पटींहून अधिक होतो. विजेचा ताण सहन करण्याची हवेची शक्ती मात्र प्लॅस्टिकच्या मानाने अगदीच बेताची, मिलिमीटरमागे तीन हजार व्होल्टच्या आसपास. परिणाम असा, की केबल शाबूत असताना त्या फटीतील हवा फुटत राहते. अंधारात कधी निळसर झाक दिसते, कधी बारीक सरसर ऐकू येते, ओझोनचा उग्र दर्प येतो. हे सूक्ष्म विसर्जन सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि वर्षानुवर्षे चालते. ओझोनने रबराला चिरा पडतात, प्लॅस्टिकवर पांढरट भुकटी धरते, हळूहळू खड्डा पडतो. मग एखाद्या पावसाळी रात्री केबल फुटते आणि "ओल्यामुळे बिघाड" अशी नोंदवहीत नोंद होते. ओल ही शेवटची निमित्तमात्र. पोखरण्याचे काम कधीच पुरे झालेले असते.

कवच असलेल्या केबलीत रोधकाच्या बाहेरच्या पृष्ठभागाला कार्बनयुक्त काळ्या, अर्धवाहक थराचे अंगभर वेष्टन असते आणि त्यावर तांब्याची पट्टी किंवा तारा गुंडाळलेल्या असतात. तांबे जमिनीशी जोडले की रोधकाचा बाह्य पृष्ठभाग सर्वत्र शून्य दाबावर येतो. क्षेत्र आतल्या आत, वाहकापासून कवचापर्यंत, चाकाच्या आऱ्यांसारखे सरळ आणि सारखे पसरते. बाहेर काही उरत नाही. केबल लोखंडावर असो, पाण्यात असो की मातीत, तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

हात लागला तर काय?

येथे थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे. कारण या मुद्द्यावर भीतीही अवाजवी आहे आणि बेफिकिरीही. अकरा हजार व्होल्टच्या यंत्रणेत प्रत्येक तारेचा जमिनीच्या संदर्भातील दाब ६,३५० व्होल्ट असतो. मध्यम जाडीच्या केबलीची धारकता अशी, की एक किलोमीटर लांबीतून निव्वळ धारकतेपोटी अर्धा अँपिअर किंवा थोडा अधिक प्रवाह सतत रोधक ओलांडून बाहेरच्या वेष्टनाकडे वाहत असतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवण्यास एक दशांश अँपिअर पुरतो.

आता कवच नसलेल्या, कोरड्या, स्वच्छ आणि नव्या केबलीला कोणी हाताने स्पर्श केला, तर तळहाताखाली आलेल्या चारसहा इंचांतूनच प्रवाह मिळतो. तो एका मिलिअँपिअरचाही लहान अंश असतो. फार तर झिणझिण्या येतात. "आम्ही कितीदा हात लावला, काही झाले नाही," असे जुने वायरमन सांगतात ते खोटे नसते. परंतु तीच केबल धूळ आणि दमट हवा यांनी माखली, म्हणजे तिचा पृष्ठभाग अर्धवट वाहक बनतो. मग केवळ चारसहा इंचांतून नव्हे, तर डावीउजवीकडील कित्येक मीटरांतून गोळा झालेला प्रवाह त्या एका हाताकडे धाव घेतो. काल ज्या केबलीने झिणझिण्या आणल्या, तीच आज शिडीवरून माणूस खाली फेकते. आणि रोधकाला कोठे चीर गेलेली असली, तर हिशेब मांडण्याचीही गरज उरत नाही. उदंचन केंद्रातील ओल ही अपवादाची स्थिती नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे वर वर्णिलेल्या खरेदीतील स्वस्त केबल कितपत स्वस्त, याचा अंदाज यावा.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे आणि कवचाचे समर्थक ती क्वचितच सांगतात. कवच आहे पण ते जमिनीशी जोडलेलेच नाही, किंवा जोडणी तुटलेली आहे, असे झाले तर? अशा वेळी किलोमीटरभर केबलीचा तो सगळा अर्धा अँपिअर त्या तांब्यावर वाट पाहत उभा असतो. सुट्या तांब्याला हात लावणारा मनुष्य त्या संपूर्ण लांबीचा प्रवाह स्वतःच्या देहातून जमिनीत नेतो. कवच नसलेल्या केबलीचा स्पर्श निदान काही वेळा माफ होतो. जमिनीला न जोडलेल्या कवचाचा होत नाही. कवचाचे पैसे मोजले आणि अर्थिंगची वायर राहून गेली, तर ती केबल न घेतलेलीच बरी होती असे म्हणावे लागेल.

बाहेरील वेष्टन जमिनीशी जोडलेले असले म्हणजे केवढी निर्धास्तता मिळते, याचा एक जुना दाखला प्रसिद्ध आहे. सेबास्टियन झियानी द फेरांटी या तरुण अभियंत्याने लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील वीजकेंद्रातून १८९०-९१ मध्ये दहा हजार व्होल्टने शहराला वीज पोहोचवण्याचे धाडस केले. इतक्या दाबाची तार रस्त्याखालून न्यावयाची, या कल्पनेनेच सरकारी अधिकारी हादरले होते. बाजारातील रबराच्या केबली टिकेनात, तेव्हा फेरांटीने स्वतःच केबल बनवली : एकात एक बसवलेल्या तांब्याच्या दोन नळ्या, त्यांच्यामध्ये मेणात भिजवलेला खाकी कागद, आणि बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली. अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून चालू केबलीत पोलादी छिन्नी ठोकून दाखवण्यात आली. छिन्नी हातात धरून उभा राहिला तो फेरांटीचा एक सहायक. छिन्नी आतल्या नळीपर्यंत पोहोचली, वितळतार उडाली, सहायकाला काही झाले नाही. त्या केबलीचे काही भाग पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरात राहिले. या गोष्टीत छिन्नीचे कौतुक सर्वजण करतात. पण फेरांटीच्या नळ्या वीसवीस फुटांच्या होत्या, मैलोगणती अंतरात त्यांना हजारो सांधे द्यावे लागले, आणि प्रत्येक सांध्यावर कागद शंकूच्या आकारात निमुळता करून एकमेकांत घट्ट बसवावा लागला. केबल टिकली ती त्या सांध्यांमुळे. ही बाब पुढे पुन्हा येईलच.

फेरांटीची रचना विसरली जाऊन नंतरच्या काळात तीन गाभे एकत्र वळून त्या सर्वांवर मिळून कागदाचा एक पट्टा आणि वर शिशाचे आवरण देण्याची पद्धत रूढ झाली. अकरा हजार व्होल्टपर्यंत या केबलींनी उत्तम सेवा दिली. जगातील अनेक शहरांचे वीजवितरण त्यांवर उभे राहिले. दाब वीस-तीस हजारांवर नेताच मात्र त्या फुटू लागल्या. कारण बाहेरून केबल गोल आणि शिशाने मढवलेली असली, तरी आत तीन गाभ्यांच्या मधल्या बेचक्यांत क्षेत्र वेडेवाकडे होते. ते कागदाच्या थरांतून आडवे जाण्याऐवजी थरांच्या अंगाने सरकत होते, आणि कागद त्या दिशेने फार दुबळा असतो. मार्टिन होखश्टेटर या जर्मन अभियंत्याने १९१३ मध्ये यावर तोड काढली : प्रत्येक गाभ्यावर स्वतंत्रपणे धातूचा मुलामा दिलेला, छिद्रे पाडलेला कागद गुंडाळावा. त्याच्या नावाच्या आद्याक्षरावरून ही केबल 'एच' जातीची म्हणून ओळखली गेली. कागदाइतक्या पातळ धातूने दाबाची मर्यादा कितीतरी वर गेली. रोधकाची जाडी वाढवून जे साधले नव्हते, ते क्षेत्राला शिस्त लावून साधले.

सर्वसामान्य माणसाला कवचाचे दर्शन घडते ते मात्र रस्त्याखाली नव्हे, रुग्णालयात. क्ष-किरणांच्या आरंभीच्या यंत्रांत हजारो व्होल्टच्या उघड्या तारा रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या डोक्यावरून गेलेल्या असत, आणि त्यांनी बळीही घेतले. आज क्ष-किरण नळीला जोडलेल्या जाड, लवचीक केबलींवर पाऊणशे हजार व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. रुग्णाचा हात तिला लागतो, तंत्रज्ञ ती बाजूला सारतो, कोणाला काही होत नाही. प्लॅस्टिकच्या सालीखाली जमिनीशी जोडलेली धातूची जाळी आहे, म्हणून.

कवच नसले तरी चालते कोठे?

यावरून उच्च दाबाच्या प्रत्येक तारेला कवच हवेच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. स्कूटरच्या प्लगला जाणारी वायर ही दहा-पंधरा हजार व्होल्टची बिनकवचाची केबलच आहे. तिच्यावर कवच घातले तर धारकता वाढून ठिणगीच क्षीण होईल. शिवाय दाब क्षणार्धापुरता आणि ऊर्जा अत्यल्प. तिच्या बिनकवचेपणाची किंमत शेजारी मोजीत. खालून स्कूटर गेली की चाळीतल्या कृष्णधवल दूरदर्शनवर ठिपक्यांच्या रेघा उमटत, त्या याच वायरीतून निसटणाऱ्या लहरींच्या. विमानाच्या इंजिनात याच वायरींना धातूची जाळी चढवावी लागली, कारण तेथे वैमानिकाला रेडिओ ऐकू येणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. दुकानांच्या निऑन पाट्यांची वायरही बिनकवचाचीच. ती काचेच्या किंवा चिनी मातीच्या आधारांवर, धातूपासून दूर ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. तीच लोखंडी नळीतून ओवली की आतल्या आत पोखरली जाऊन निकामी होते.

खांबांवरील आच्छादित तारांचेही असेच आहे. उत्तर युरोपात, विशेषतः फिनलंडमध्ये, सत्तरच्या दशकापासून जंगलातून जाणाऱ्या वाहिन्यांच्या तारांवर प्लॅस्टिकचे आच्छादन देण्यात आले आणि झाडांच्या फांद्या टेकल्याने होणारा खंड कमी झाला. ही योजना शहाणपणाची आहे. आपल्याकडेही ती येत आहे. मात्र ते आच्छादन फांदीसाठी आहे, माणसासाठी नाही. त्याच्यावर कवच नाही. म्हणून कायद्याने आणि व्यवहाराने ती तार उघड्या तारेइतकीच दूर ठेवली पाहिजे. वादळानंतर खाली लोंबणारी काळी, गुळगुळीत तार पाहून "हिला तर प्लॅस्टिक आहे" असे म्हणणारा शेतकरी किंवा शाळकरी मुलगा कोणत्या भ्रमात आहे, हे त्याला सांगण्याची जबाबदारी ती तार ओढणाऱ्यांवर आहे. उघडी तार निदान भय तरी दाखवते.

मर्यादा कोठे आखावी याविषयी देशोदेशीचे नियम पूर्वी सैल होते, ते आवळत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत आठ हजार व्होल्टपर्यंत बिनकवचाची केबल चालत असे; २००५ च्या आवृत्तीत ही मर्यादा २,४०० व्होल्टवर आणली गेली, आणि वर जे अपवाद ठेवले ते अटींनी बांधलेले. आपल्याकडे एक्सएलपीई केबलींसाठीच्या भारतीय मानक ७०९८ च्या दुसऱ्या भागात ३,३०० ते ३३,००० व्होल्टच्या केबली येतात. त्यांतील सर्वांत खालच्या पायरीवर बिनकवचाच्या बांधणीला वाव आहे. अकरा हजारांच्या केबलीत कवच गृहीतच आहे. म्हणजे निवडीचा खरा प्रश्न उद्भवतो तो ३,३०० व्होल्टच्या मोटारींपाशी. तीन गाभ्यांची, चिलखत असलेली केबल, अंतर थोडे, जागा कोरडी आणि चिलखताचे अर्थिंग चोख, अशी स्थिती असेल तर कवचाचा खर्च वाचवण्यात गैर काही नाही. जागा ओली असेल, किंवा सुटे गाभे उघड्या मांडणीवरून न्यावयाचे असतील, तर मानकाने दिलेली सवलत न घेणेच इष्ट. सवलत म्हणजे आज्ञा नव्हे.

वरच्या वाक्यात चिलखताचा उल्लेख आला. मराठीत कवच आणि चिलखत हे जवळजवळ समानार्थी शब्द आहेत. केबलीत मात्र त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे आणि निविदांमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते. 'आर्मर्ड' म्हणजे कुदळीच्या घावापासून वाचवणाऱ्या पोलादी किंवा अॅल्युमिनियमच्या तारांचे अथवा पट्ट्यांचे चिलखत. ते सर्व गाभ्यांच्या बाहेर असते. जमिनीशी जोडले तर बाहेरून स्पर्श करणाऱ्याला ते वाचवते हे खरे, पण आतील क्षेत्राला सरळ करणे त्याला साधत नाही. दुसरी गल्लत याहून चकवणारी आहे. अकरा हजारांच्या केबलीच्या वर्णनात 'अर्थ्ड' आणि 'अनअर्थ्ड' असे दोन प्रकार छापलेले असतात. अनेकांना वाटते की पहिलीला जमिनीशी जोडलेले कवच आहे, दुसरीला नाही. वस्तुतः हे शब्द केबलीविषयी नसून ज्या यंत्रणेवर ती चालणार तिच्या मध्यबिंदूविषयी आहेत. मध्यबिंदू जमिनीशी पक्का जोडलेला असेल तर ३.६ मिलिमीटर रोधक पुरतो. नसेल तर एका तारेत दोष आल्यावर उरलेल्या दोन तारांवर पुरा अकरा हजारांचा दाब येऊ शकतो म्हणून ५.५ मिलिमीटर लागतो. कवच दोन्हींना असते. हा भेद न कळल्यामुळे पातळ रोधकाची केबल भलत्या यंत्रणेवर बसवली गेली, तर कवच कितीही उत्तम असले तरी ती वाचत नाही.

सांधा आणि सांधणारा

कवचाची निवड कागदावर होते. तिचा कस लागतो तो केबलीच्या टोकाशी. कारखान्यात वाहकावरचा अर्धवाहक थर, रोधक आणि बाहेरचा अर्धवाहक थर असे तिन्ही एकाच वेळी, धुळीचा कणही शिरू न देता चढवलेले असतात. शेवटी मात्र मोटारीच्या पेटीत शिरताना ते कवच कोठेतरी कापावेच लागते. ज्या कडेपाशी ते संपते, तेथे आतापर्यंत सरळ पसरलेले क्षेत्र एकदम एकवटते. ती कड उघडी ठेवली तर केबल तेथेच जळणार. म्हणून तेथे ताण विखुरणारा शंकू किंवा उष्णतेने आकसणारी विशेष नळी बसवावी लागते. बिनकवचाच्या केबलीला असल्या सोपस्काराची गरज नसते; तिचे टोक कोणीही साध्या चाकूने सोलून जोडू शकतो. तिच्या लोकप्रियतेचे एक कारण दराइतकेच हेही आहे, ते मान्य केले पाहिजे.

हा सोपस्कार करणारा जॉइंटर हा वीजव्यवसायातील अतिशय महत्त्वाचा आणि अतिशय दुर्लक्षित कारागीर आहे. काळा अर्धवाहक थर त्याला ठरलेल्या रेषेपर्यंत, खालच्या रोधकाला चाकूचा ओरखडाही न पडू देता काढावा लागतो. काळ्या थराचा नखाएवढा अंश मागे राहिला, हाताचा घाम लागला, पावसाचा थेंब पडला, तरी केबल त्या दिवशी सुरू होते. ती सहा महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी फुटते. तोवर ठेकेदाराचे देयक चुकते झालेले असते, जॉइंटर दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि दोष केबलीच्या माथी मारला जातो. कवच असलेल्या केबलींच्या दुर्लौकिकाचा मोठा भाग अशा सांध्यांनी कमावलेला आहे. लाखोंची केबल घेणाऱ्या संस्था सांध्यांचे काम मात्र नगावर, जो कमी मागेल त्याला देतात, हे तर नित्याचेच दृश्य आहे.

कवचाची निगा राखली नाही तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर घेतला. साठ-सत्तरच्या दशकांत तेथील वीजकंपन्यांनी उपनगरांतून हजारो मैल प्लॅस्टिकच्या केबली पुरल्या. बाहेरच्या अंगाला तांब्याच्या उघड्या तारांचे कवच होते. त्याच परतीच्या प्रवाहाचेही काम करीत. त्यांच्यावर आणखी एक प्लॅस्टिकची साल चढवण्याचा खर्च वाचवण्यात आला. मातीतील ओलाव्याने तांब्याच्या तारा गंजून तुटल्या. रोधकात शिरलेल्या पाण्याने विद्युतताणाखाली झाडाच्या फांद्यांसारखी सूक्ष्म जाळी निर्माण केली. ती वाढत वाढत वाहकापर्यंत पोहोचली. तीसचाळीस वर्षे टिकतील अशा अपेक्षेने घातलेल्या केबली दहापंधरा वर्षांत फुटू लागल्या. त्यानंतर बाहेरची साल सर्वमान्य झाली. कवच तेथे होते, उत्तम तांब्याचे होते. पण त्याचे रक्षण करणारी साल कोणीतरी एका तुलनात्मक तक्त्यात कापली होती.

तेव्हा आपल्या खरेदी समितीच्या टिपणीत केबलीच्या दराशेजारी आणखी काही रकाने असावयास हवेत. टोकांचा आणि सांध्यांचा संच कोणाचा, तो बसवणाऱ्या जॉइंटरला त्या जातीच्या संचाचे शिक्षण मिळाले आहे काय, प्रत्येक सांध्यावर त्याचे नाव आणि तारीख लिहिली जाईल काय, कवचाचे अर्थिंग एका टोकाला की दोन्ही टोकांना हे कोणी ठरवले. हा शेवटचा प्रश्न किरकोळ नव्हे. सुट्या गाभ्यांच्या लांब केबलींत दोन्ही टोके जोडली तर कवचातूनच प्रवाह फिरून केबल तापते. एकच जोडले तर दुसऱ्या मोकळ्या टोकावर प्रेरित दाब चढतो आणि तेथे हात लागू न देण्याची तजवीज करावी लागते. शेदोनशे मीटर अंतराच्या तीन गाभ्यांच्या केबलीत ही अडचण नसते. तेथे दोन्ही टोके जोडावीत.

चाचणीचाही एक रकाना हवा. नव्या एक्सएलपीई केबलीवर जुन्या कागदी केबलींप्रमाणे एकदिश प्रवाहाचा मोठा दाब चढवण्याची चाल अजून काही ठिकाणी टिकून आहे. तिने रोधकातील दोष सापडत नाहीत. जुन्या, ओल शिरलेल्या केबलीची तर त्याने हानीच होते. त्याऐवजी सेकंदाला एक दशांश आवर्तनाच्या मंद प्रत्यावर्ती दाबाची चाचणी आज रूढ आहे. याखेरीज बाहेरच्या सालीची एक साधी चाचणी आहे. कवच आणि चिलखत दोन्ही टोकांना तात्पुरते जमिनीपासून सोडवावयाचे, त्यांना काही हजार व्होल्टचा एकदिश दाब मिनिटभर द्यावयाचा आणि मातीत किती प्रवाह गळतो ते मोजावयाचे. कुदळीने किंवा धारदार दगडाने सालीला कोठे भोक पडले असेल तर ते लगेच कळते. उपकरण लहान आहे, वेळ थोडा लागतो. ही चाचणी चर बुजवल्यानंतर पण वरचा रस्ता होण्यापूर्वी घ्यावी लागते. डांबर पडल्यावर भोक सापडले तर रस्ता फोडण्याची परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेपर्यंत एक पावसाळा त्या भोकातून आत गेलेला असतो.